मालवणात व्यंगचित्रांचा अंक आणि प्रदर्शन: कागदापासून भिंतीपर्यंत

मालवणात व्यंगचित्रांचं काही करायचं तर मे महिना गाठावा लागतो. चाकरमानी गावी आलेले असतात, शाळांना सुट्टी असते, पाऊस अजून लांब असतो आणि 5 मेचा जागतिक व्यंगचित्रकार दिनही त्यातच येतो. 1895 साली याच तारखेला न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात 'यलो किड' हे व्यंगचित्रातलं पात्र रंगीत छापून आलं, त्यावरून हा दिवस ठरला. जत्रेत स्टॉल लावावा असंही अनेकजण सुचवतात. पण आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगावरून ठरत नाही, गावाने कौल घेऊन जाहीर केली की मगच कळते, आणि छापखान्याशी बोलणी झालेल्यांना तेवढं थांबणं परवडत नाही. शिवाय तिथे आलेला माणूस दर्शनाच्या रांगेत असतो, चित्रापुढे थांबायला त्याला सवड नसते.

म्हणून आम्ही काही चित्रकारांनी मिळून मेचा पहिला आठवडा धरला आणि वीस पानांचा एक अंक नि जुन्या चिरेबंदी सभागृहात संध्याकाळचं प्रदर्शन असं ठरवलं. ते कसं उभं राहिलं हे लिहितोय, कारण पुण्या-मुंबईत शिकवल्या जाणाऱ्या बऱ्याच युक्त्या इथल्या खाऱ्या, दमट हवेत टिकत नाहीत आणि इथे नव्याने काढू लागलेली मुलं त्यापायी हिरमुसतात.

कामाचा हिशोब उलट करावा लागतो: आधी छपाई ठरवायची, मग चित्राला हात लावायचा. अंकाचं पान ए-फाइव्ह, म्हणजे 148 बाय 210 मिलिमीटर. डिजिटल छपाईच्या 13 बाय 19 इंची शीटवर एका बाजूला अशी चार पानं बसतात, दोन्ही बाजू मिळून आठ. आतल्या सोळा पानांना एका प्रतीमागे दोन शीट लागतात आणि मुखपृष्ठाच्या चार पानांना अर्धं. बरेच छापखाने 12 बाय 18 ची शीट सुचवतात. तिच्यावर चार पानं बसतात खरी, पण चित्र कडेपर्यंत भिडवायचं असेल तर चारी बाजूंनी 3 मिलिमीटर जादा ठेवावे लागतात. ते धरल्यावर एका दिशेने जेमतेम पावणेतीन मिलिमीटर उरतात आणि मशीनला कागद धरायलाच जागा राहत नाही. मग छापखानेवाला कोणाला न विचारता पान दोन-तीन टक्के लहान करतो आणि कडेला पांढरी पट्टी दिसते. शीटचं माप पहिल्याच फोनवर पक्कं करावं. पानांची संख्याही चारच्या पटीतच हवी. अठरा पानांचा मजकूर घेऊन गेलात तर दोन पानं कोरी जातात.

मूळ चित्र छापील मापाच्या दीडपट काढायचं, 222 बाय 315 मिलिमीटर. ए-थ्री कागदावर ते समासासकट आरामात बसतं. छापताना ते दोन-तृतीयांश होतं, तेव्हा 0.1 मिलिमीटरच्या पेनची रेघ 0.07 वर येते आणि छपाईत तुटते. आम्ही सगळ्यांना एकच बंधन घातलं: 0.3 पेक्षा बारीक पेन नको, बाह्यरेषा 0.8 ची, आणि छायेच्या दोन रेघांत निदान एक मिलिमीटर मोकळं. जवळ-जवळ ओढलेल्या रेघा लहान झाल्यावर भरून येतात आणि तिथे नुसता काळा डाग पडतो.

आता कागद. किनाऱ्यावर निम्मी दुखणी इथूनच सुरू होतात. कार्ट्रिज कागद हवेतली ओल ओढतो आणि मग निबची शाई फुटते, म्हणजे रेघेच्या दोन्ही कडांना बारीक केस निघतात. नुसत्या डोळ्यांना ते फारसे दिसत नाहीत, स्कॅनमध्ये मात्र रेघ मळकट येते. काम सुरू करण्याआधी कागदाच्या कोपऱ्यात एक फुली मारायची, मिनिटभर थांबायचं आणि भिंगाखाली बघायचं. केस दिसले तर तो कागद झिपच्या पिशवीत ओल शोषणारं सिलिका जेल टाकून एक रात्र ठेवायचा आणि सकाळी पुन्हा फुली मारायची. सुधारला तर नुसती ओल होती. तरीही शाई फुटत असेल तर शाई पसरू न देणारा कागदावरचा खळीचा थरच गेलेला आहे. तो कच्च्या कामाला वापरावा, त्यावर पक्कं चित्र काढू नये.

कागदांचा गठ्ठा बाहेरच्या भिंतीला लागून किंवा जमिनीवर कधीच ठेवू नये, चिऱ्याची भिंत उन्हाळ्यातही ओल सोडते. सिलिकाचे निळे दाणे गुलाबी झाले की त्यांचं काम संपलं असं समजावं. 110 ते 120 अंशांवर तासदोन तास तापवले की ते पुन्हा निळे होतात. पण या निळ्या दाण्यांत कोबाल्टचं क्षार असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा घरच्या ओव्हनमध्ये तापवू नका. केशरी रंगाचे दाणेही मिळतात, नव्याने घ्यायचेच असतील तर तेच घ्यावेत.

कच्चं रेखाटन कोणत्या पेन्सिलने करायचं यावर आमच्यात बराच खल झाला. सगळीकडे फिक्या निळ्या पेन्सिलची शिफारस असते. रंगीत स्कॅन करून त्याच्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी फक्त निळा थर, म्हणजे निळा चॅनल, घेतला की निळी रेघ कागदासारखीच पांढरी दिसते आणि वरची काळी शाई तेवढी उरते, खोडायची गरजच पडत नाही. कोरड्या गावात हे उत्तम. इथे मात्र कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके असतात, जुन्या मूळ चित्रांवर तर हमखास, आणि निळ्या चॅनलमध्ये तपकिरी रंग उलट जास्तच गडद दिसतो. निळी पेन्सिल घालवायला जावं तर ठिपके उठून येतात. त्यावर सरळ उपाय म्हणजे रेखाटन फिक्या तांबड्या पेन्सिलने करायचं आणि स्कॅनमधून लाल चॅनल घ्यायचा. तांबडी रेघही विरते, तपकिरी ठिपकेही बहुतांश जातात. इथल्या चित्रकारांनी निळी पेन्सिल सोडून तांबडी हातात घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

स्कॅन 600 डीपीआयवर करावा, त्याहून कमी नको. भरगच्च काळं केलेलं चित्र रात्रभर पंख्याखाली वाळू द्यावं. वरून कोरडी वाटणारी शाई दमट हवेत आतून ओलीच असते आणि स्कॅनरच्या काचेला चिकटते. घाईने उन्हात ठेवलं तर कागद वाकतो आणि काचेवर सपाट बसत नाही.

अक्षरांवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तो सत्कारणी लागला. बहुतेकांची सवय अशी की आधी चित्र पुरं करायचं आणि मग उरलेल्या जागेत संवादाचा फुगा कोंबायचा. देवनागरीत ते जमत नाही. अक्षराच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार येतात, खाली उकार येतो. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकला की वाचणारा तिथेच थबकतो आणि विनोद मेला. म्हणून दोन नव्हे, चार रेघा आखून घ्यायच्या: वरच्या खुणांना 2 मिलिमीटर, शिरोरेघेपासून पायापर्यंत 4, खालच्या उकाराला 2. एक ओळ झाली 8 मिलिमीटरची. छापल्यावर अक्षराचं अंग पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास येतं आणि म्हाताऱ्या माणसालाही चष्म्याने वाचता येतं.

मालवणी संवादाला तर ही जागा जास्तच लागते. उदाहरणार्थ, मासळी बाजाराच्या चित्रपट्टीतलं हे वाक्य घ्या: 'बांगडो ताजो असा, डोळे बघ तेचे.' मालवणीत बरेच पुल्लिंगी शब्द ओकारान्त, त्यामुळे बहुतेक शब्दांच्या डोक्यावर मात्रा. प्रमाण मराठीच्या मापाने आखलेल्या ओळींत हे वाक्य गुदमरतं. दोन चौकटींच्या पट्टीत एक चौकट मूळ मापाने सुमारे 93 मिलिमीटर रुंद असते आणि फुग्याच्या कडा सोडल्या तर एका ओळीत चौदा-पंधरा अक्षरं मावतात. शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरल्या तर या एवढ्याशा वाक्यालाही दोन ओळी हव्यात. म्हणजे चौकटीच्या उंचीतले 16 मिलिमीटर आणि वर-खाली थोडी मोकळीक एवढी जागा चित्र काढण्याआधीच राखून ठेवायची. आम्ही प्रत्येक पानावर आधी फक्त अक्षरं आणि फुगे पेन्सिलने मांडले, ते एकमेकांना वाचायला दिले, आणि मगच माणसं काढली. यातून एक फायदा असा झाला की लांबलेले संवाद तिथेच छाटले गेले. एका फुग्यात वीसच्या वर शब्द गेले की ते भाषण होतं.

फुगा लंबगोल काढू नये. शिरोरेघेमुळे आपल्या ओळीचा माथा सपाट असतो, लंबगोलात वरची आणि खालची ओळ कडेला टेकते. कोपरे गोलावलेला चौकोन बरा. लांबवलेल्या स्वराला अवग्रह द्यावा, 'अरेऽऽ' असा. अक्षर तीन-तीनदा लिहिलं की ओळ उगाच पसरते. आवाजाच्या मोठ्या अक्षरांत मात्र शिरोरेघ मोकळी सोडावी, तिथे ती चित्राचाच भाग होते. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, आडव्या चौकटीत दोन्ही बाजूंनी दोर ओढणाऱ्या माणसांच्या मधोमध 'ओढऽऽ' लिहिलं आहे आणि त्याची शिरोरेघ म्हणजेच रापणीचा दोर. त्या पानावर कुठलंच निवेदन लागलं नाही.

ज्यांना हाताने लिहिणं जमत नाही त्यांनी युनिकोड फॉन्टच वापरावा. 'बालू' आणि 'मुक्त' हे एक टाइपचे फॉन्ट मोफत मिळतात आणि जाड रेषेच्या चित्राशेजारी शोभतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की तिचं कडबोळं होतं. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाचा कंपोजर 'वर्ल्ड-रेडी' नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात. फाइल पाठवण्याआधी सगळी अक्षरं आउटलाइन करायची, म्हणजे फॉन्टऐवजी त्यांचे आकार करायचे, आणि तपासायला 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन्ही शब्द टाइप करून बघायचे. दोन्ही सारखेच दिसले तर तो फॉन्ट मराठीला नको.

अंकात एक खिडकी-चित्रही घेतलं. मधुकर पाटकरांनी 1951 मध्ये सुरू केलेल्या 'आवाज' दिवाळी अंकाने मराठी वाचकाला या प्रकाराची गोडी लावली: पानाला कापलेल्या खिडकीतून मागच्या पानाचा तुकडा दिसतो, आणि पान उलटलं की भलतंच काही निघतं. लहान छपाईत ही खिडकी हातानेच कापावी लागते. पत्र्याचा साचा करून घ्यावा, धारदार कटरने एका वेळी दोनच पानं कापावीत. जास्त घेतली की खालचं पान सरकतं. घडीत पान एक-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे जातंच, म्हणून खिडकीतून दिसायचा भाग खिडकीपेक्षा चारी बाजूंनी 3 मिलिमीटर मोठा काढायचा. कापलेल्या पानाच्या पाठीमागे त्या जागी मजकूर येत नाही ना, हे डमी अंक घडी करूनच कळतं. संगणकाच्या पडद्यावर हटकून चुकतं.

छपाईला आतल्या पानांसाठी 100 जीएसएमचा (दर चौरस मीटरला 100 ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे साधा गुळगुळीत छपाईचा कागद, घेतला. 70 चा कागद स्वस्त पडतो, पण काळी चित्रं मागून दिसतात. रेघा आणि अक्षरं निव्वळ काळ्या शाईत, शंभर टक्के, बाकी तिन्ही रंग शून्य अशी फाइल द्यावी. चार रंग मिळून केलेला काळा जरासा सरकला तरी प्रत्येक अक्षराला रंगीत सावली पडते. मुखपृष्ठाला एका बाजूने लॅमिनेशन करावं अशी छापखान्याची नेहमीची सूचना असते. किनाऱ्यावर ते करू नका. लॅमिनेशनची बाजू ओल घेत नाही, आतली घेते आणि फुगते, आणि आठवड्याभरात सगळी मुखपृष्ठं बाहेरच्या बाजूला वळून उघडी पडतात. 250 जीएसएमचा साधा कार्ड कागद, लॅमिनेशनशिवाय, इथे जास्त टिकतो. कागदाच्या तंतूंची दिशा घडीला समांतर आहे ना एवढं विचारून घ्यावं, नाहीतर घडीवर काळा रंग तडकतो.

पिना हा दुसरा शत्रू. साधी लोखंडी पिन खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजते आणि मधल्या पानांवर तांबूस डाग उतरतात. आम्ही पिन गाळून दोऱ्याने शिवलं. 210 मिलिमीटरच्या कण्यावर तीन भोकं: एक मधोमध, बाकी दोन त्याच्यापासून वर आणि खाली 55 मिलिमीटरवर. अर्धा मीटर जाड सुती दोरा मेणावरून ओढून घ्यायचा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, आतल्या आत सरळ खालच्या भोकाशी नेऊन बाहेर, आणि पुन्हा मधल्या भोकातून आत. दोऱ्याची दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारायची. टोकं एकाच बाजूला राहिली तर गाठ सैल पडते. हात बसला की एका प्रतीला दोन-तीन मिनिटं पुरतात. काही शे प्रती असतील तर हे करावं. हजाराच्या वर गेलात तर छापखान्याला गंज न धरणारी तार वापरायला सांगा.

प्रदर्शनाच्या भिंतीवर खिळा मारायची परवानगी नव्हती, आणि चुन्याचा हात दिलेल्या भिंतीवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप संध्याकाळपर्यंत सुटते; भुकटीसकट चित्र खाली येतं. छताच्या वाशांना सुंभ बांधून त्याला आडव्या बांबूच्या काठ्या टांगल्या आणि चित्रं त्यांना चिमट्यांनी लावली. मोठे प्रिंट 5 मिलिमीटरच्या सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या फळीवर, चिकटवले होते. 3 मिलिमीटरचा सनबोर्ड बंद टेम्पोत मे महिन्याच्या उन्हात वाकतो. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, तेव्हा नुसतं वर टांगलेलं चित्र गरगर फिरतं. खालच्या दोन्ही कोपऱ्यांनाही दोरी बांधून ती खालच्या काठीला ताणली की प्रश्न मिटतो. चित्राचा मध्य जमिनीपासून 58 इंचांवर ठेवला आणि मुलांच्या पट्ट्या 42 वर. शीर्षकाच्या चिठ्ठ्या 24 पॉइंटपेक्षा लहान नकोत.

मूळ चित्रं फ्रेममध्ये लावताना काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटबोर्डची चौकट हवीच. ती नसली तर ओलीने शाई काचेला चिकटते आणि फ्रेम उघडताना चित्राचा तुकडा काचेवरच राहतो. वीज जाणार हे गृहीत धरून चार्जिंगचे दिवे आधीच जागच्या जागी टांगून ठेवले होते.

वेळ संध्याकाळी पाच ते नऊ ठेवली, ती योग्यच ठरली. दुपारी कोणी घराबाहेर पडत नाही, आणि रात्री दशावताराचं नाटक असेल तर नऊनंतर माणूस तिकडे जातो.

शेवटचा तास वाचनाचा होता. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे: दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, कथेच्या क्रमाने लावलेल्या चित्रांची पोथी, आणि वीणा-टाळाच्या साथीने एकेक चित्र दाखवत सांगितलेली रामायण-महाभारताची कथा. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी 2021 चा पद्मश्री जाहीर झाला, आणि पिंगुळीतल्या ठाकर आदिवासी कला आंगणात जुन्या पोथ्या बघायला मिळतात. कोकणातल्या प्रत्येक व्यंगचित्रकाराने त्या बघाव्यात. रेष जाड, चेहरे बाजूने, डोळे मोठे, मागे पसारा नाही. कारण चित्र दहा-पंधरा हातांवरून दिसलं पाहिजे. त्याच हिशोबाने अंकातल्या निवडक चौकटी 12 बाय 18 इंचांवर, एका कागदावर एकच, फुगे काढून टाकून छापल्या, आणि संवाद एकाने उभं राहून मालवणीत वाचले. बारीक छायारेषांची चित्रं तिसऱ्या रांगेपलीकडे पोचली नाहीत, जाड रेषेची शेवटच्या बाकापर्यंत पोचली. ज्या चित्राचा विनोद चेहऱ्यात होता, त्याला हशा आधी आला आणि वाक्य मागाहून.

मुलांसाठी एका ए-फोर कागदाची आठ पानी चित्रकथा घेतली. गोंद लागत नाही, पिनही लागत नाही. कागद आडवा धरून घड्यांनी आठ भाग पाडायचे. खालच्या रांगेत डावीकडून मलपृष्ठ, मुखपृष्ठ, दोन, तीन. वरच्या रांगेत, कागद उलटा फिरवून, डावीकडून चार, पाच, सहा, सात. मधल्या आडव्या घडीवर फक्त मधल्या दोन घरांपुरता काप द्यायचा, लांबीत घडी घालून दोन्ही टोकं आत ढकलायची, पुस्तक तयार. पानांचे आकडे आधी घालून द्यावेत, नाहीतर निम्म्या मुलांची गोष्ट उलटी छापली जाते. नंतर त्याची एका बाजूची झेरॉक्स काढली की प्रत्येक मुलाला वर्गात वाटण्याएवढ्या प्रती मिळतात.

प्रदर्शन उतरलं की मृग लागायच्या आत, म्हणजे 7 जूनच्या सुमारापर्यंत, मूळ चित्रं बंद झालीच पाहिजेत. दोन चित्रांत बटर पेपर, वर झिपची पिशवी, आत सिलिका, आणि पत्र्याच्या पेटीत आडवी. गुंडाळी करू नये. दिवाळी अंकांची मागणी पावसाळ्यातच येते, त्यामुळे कोरा कागद मात्र हाताशी लागतो. तो चार-चारच्या वेगळ्या पिशव्यांत ठेवावा, म्हणजे एका वेळी एकच उघडावी लागते. गणपतीला चाकरमानी पुन्हा येतात, तेव्हा उरलेले अंक एसटी स्टँडजवळच्या पेपरवाल्याकडे ठेवायचे: दहा-दहाचे गठ्ठे प्लास्टिकमध्ये बांधून, आणि चाळायला एकच प्रत बाहेर.